खाणीपासून कमानीपर्यंत



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, ते हाडाचे शिक्षक होते. इतिहास वर्गात जेवढा शिकवला, तेवढाच रस्त्यावर उभं राहून शिकवला. त्यामुळे राजधानी मुंबईच्या जुन्या वास्तूंवर बोला असं निमंत्रण आलं, तेव्हा मी लगेच होकार दिला.

विषय अनेकांनी हाताळलेला आहे. या इमारतींवर देखणी पुस्तकं निघाली आहेत, सुट्टीच्या सकाळी फोर्टात हेरिटेज वॉक निघतात, तरुण मुलं कॅमेरे घेऊन फिरतात. याचा मला मनापासून आनंद आहे. पण या सगळ्या बोलण्याचा एक साचा ठरून गेला आहे. इमारतीचं नाव, मग शैली, मग इंग्रज वास्तुविशारदाचं नाव, मग सन. व्हिक्टोरियन गॉथिक म्हटलं की स्कॉट आणि स्टीव्हन्स, इंडो-सारसेनिक म्हटलं की बेग आणि विटेट. ही माहिती खरी आहे, पण अर्धी आहे. उरलेल्या अर्ध्या भागाबद्दल मला आज बोलायचं आहे. या इमारतींचा दगड कुठल्या खाणीतून आला, पैसा कुणाच्या घामातून उभा राहिला आणि छिन्नी कुणाच्या हातात होती, हे तीन प्रश्न विचारले म्हणजे ‘मुंबई इंग्रजांनी बांधली’ हे वाक्य इतक्या सहज तोंडातून निघत नाही. आणि या वास्तूंची निगा राखण्याचं काम कुणाचं, याचंही उत्तर मिळतं.

सुरुवात एका पाडकामापासून करावी लागेल. अठराव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या वस्तीभोवती तट बांधला गेला. त्याला तीन दरवाजे होते : दक्षिणेला अपोलो गेट, उत्तरेला बझार गेट आणि पश्चिमेला चर्च गेट. सेंट थॉमस चर्चकडे जाणारा म्हणून चर्च गेट. ते चर्च 1718 सालच्या नाताळात उघडलं आणि आजही उभं आहे. चर्च गेट गेलं, फक्त स्टेशनच्या नावात उरलं. तटाबाहेर तोफांना मारा करता यावा म्हणून मोकळं मैदान ठेवलेलं होतं. शंभर-दीडशे वर्षांत तटाच्या आत माणसं दाटीवाटीनं राहू लागली, हवा खेळेना, आणि शत्रूचं भयही उरलं नव्हतं. 1862 साली बार्टल फ्रियर गव्हर्नर झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत तट पाडायचं ठरलं. तट गेला, खंदक बुजले, मैदानाच्या कडेची जागा एकदम मोकळी झाली. आज ओव्हल मैदानाच्या पूर्वेला आपण जी रांग पाहतो, जुनं सचिवालय, विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह, ग्रंथालय, राजाबाई टॉवर, उच्च न्यायालय, ती या मोकळ्या जागेवर उभी राहिली. त्या काळी तिच्यासमोर मैदान होतं आणि मैदानापलीकडे थेट समुद्र.

आता पैशाचा प्रश्न. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिथला कापूस इंग्लंडला पोहोचेना, लँकेशायरच्या गिरण्या अडल्या, आणि त्यांची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. खानदेश, वऱ्हाड आणि गुजरातचा कापूस मुंबई बंदरातून जाऊ लागला आणि शहरात पैशाचा पूर आला. कंपन्या निघाल्या, बँका निघाल्या, बॅक बे भराव घालण्याच्या योजनेचे शेअर अव्वाच्या सव्वा भावानं विकले गेले. युद्ध संपलं आणि 1865 साली सगळा डोलारा कोसळला. घरंच्या घरं बुडाली. पण त्या तेजीत जे दान जाहीर झालं होतं, त्यातलं काही दगडात उतरलं. सट्ट्याचे सम्राट म्हटले गेलेले प्रेमचंद रायचंद यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला आईचं नाव द्यावं एवढीच त्यांची इच्छा होती. तोच राजाबाई टॉवर.

इथे मला एका गोष्टीवर थोडं थांबायचं आहे, कारण ती माझ्या मते या विषयाच्या मुळाशी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भूमीत लाव्ह्याचे थरावर थर पसरले. सह्याद्री त्याचा, अजिंठा-वेरूळ त्यात कोरलेलं, घारापुरीची त्रिमूर्ती त्यातलीच, आणि मुंबईची बेटंही त्याच घटनेची लेकरं. हा काळा बेसॉल्ट झिजून त्याची जी माती झाली, ती काळी कसदार कापसाची माती. म्हणजे ज्या मातीनं कापूस दिला आणि कापसानं पैसा दिला, ती माती आणि ज्या दगडानं इमारती उभ्या राहिल्या तो दगड, दोन्ही एकाच लाव्ह्यातून आले. जळगाव-अमरावतीकडच्या शेतकऱ्यानं कधी मुंबई पाहिली नसेल, पण ओव्हलच्या कडेच्या त्या रांगेत त्याचा वाटा आहे. हे कुठल्याच कोनशिलेवर लिहिलेलं नाही.

मुंबईत हा लाव्हा सगळीकडे काळाच नाही. अंधेरीला गिल्बर्ट हिल नावाचा काळ्या बेसॉल्टचा सुळका आहे. सुमारे दोनशे फूट उंच, उभ्या खांबांची मोळी बांधल्यासारखा. अवतीभवती आता इमारती इतक्या खेटल्या आहेत की जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. पण मालाड, खारोडी, कुर्ला या बाजूला लाव्ह्याच्या शेवटच्या टप्प्यातला फिकट, पिवळसर दगड सापडला. भूशास्त्रात त्याला ट्रॅकाइट म्हणतात, बांधकामावर मात्र तो मालाडचा दगड, कुर्ल्याचा दगड अशा गावाच्या नावानंच ओळखला गेला. काळ्या बेसॉल्टपेक्षा तो घडवायला सोपा आणि उन्हात त्याला ऊबदार रंग येतो. याच्या जोडीला आणखी एक दगड समुद्रमार्गे यायचा, पोरबंदरचा. तो चुनखडीचा, साईसारख्या रंगाचा. नक्षी, पानंफुलं, मूर्ती यांसाठी तो हवा, कारण त्यात छिन्नी बारीक चालते. एकदा हे तीन दगड ओळखता आले की फोर्टातून चालताना निराळंच दिसू लागतं. भिंतीचा भार कुणी घेतलाय, कोपरे कुणी धरलेत आणि शोभा कुणाकडे सोपवली आहे, हे इमारतच सांगते.

उच्च न्यायालयाची इमारत पाहा. आराखडा जनरल फुलर यांचा. काम 1871 च्या एप्रिलात सुरू झालं, 1878 च्या नोव्हेंबरात संपलं. भिंती काळ्या-निळ्या बेसॉल्टच्या आणि कडा-कमानींना पोरबंदर, कुर्ला, शिवडीचा दगड. साडेपाचशे फुटांवर लांबी. अंदाजपत्रक 16,47,196 रुपयांचं होतं आणि प्रत्यक्ष खर्च आला 16,44,528 रुपये. सरकारी बांधकाम अंदाजापेक्षा 2,668 रुपये कमी खर्चात पुरं झालं, ही नोंद मला दर वेळी पुन्हा वाचावीशी वाटते. त्या काटकसरीमागे कुणाची तरी रोजची हजेरी, कुणाचं तरी दगडाचं मोजमाप, कुणाचा तरी चोख हिशेब होता.

आत एका खांबाच्या माथ्यावर तराजू धरलेलं माकड कोरलेलं आहे, त्याच्या एका डोळ्यावर पट्टी आहे. दगडकामाच्या एका कंत्राटदारानं रागापोटी ते कोरवून घेतलं अशी दंतकथा सांगतात. दंतकथा खरी असो-नसो, माकड खरं आहे. न्यायदेवतेच्या मंदिरात असं शिल्प दीडशे वर्षं टिकून राहिलं, याचं मला मोल वाटतं. आणि याच इमारतीच्या मध्यवर्ती न्यायदालनात 1908 च्या जुलैत लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली. शिक्षा ऐकल्यावर मुंबईतल्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं. शिक्षा देणारी इमारत साम्राज्याची होती, पण त्या दालनाला ओळख मिळाली ती टिळकांमुळे. 1956 साली मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते तिथे टिळकांच्या उद्गारांची शिला लागली. ज्या न्यायालयानं शिक्षा दिली, त्याच न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींनी तो अन्याय उघड बोलून दाखवला. उच्च न्यायालय पाहायला जाल तेव्हा कमानी पाहण्याआधी ही शिला वाचा.

आता शेजारच्या विद्यापीठाकडे वळू. ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर यांचे आराखडे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी लंडनहून पाठवले. ते मुंबईत कधीच आले नाहीत. 1869 च्या मार्चमध्ये पाया घातला, 1878 च्या नोव्हेंबरात काम पुरं झालं, मनोरा 280 फूट उंच झाला. न पाहिलेल्या शहरासाठी, न पाहिलेल्या दगडासाठी काढलेलं ते चित्र कुर्ल्याच्या दगडात उतरवायचं काम इथल्या माणसांनी केलं. त्यांतलं एक नाव कागदोपत्री उरलं आहे : रावबहादूर मकुंद रामचंद्र, सहायक अभियंता. मनोऱ्याच्या अंगावर पश्चिम हिंदुस्थानातल्या जातीजमातींचे चोवीस पुतळे आहेत. त्यांचे नमुने मकुंद रामचंद्रांनी तयार केले. तलवारधारी रजपूत आहे, कच्छी आहे, प्रार्थनेला उभा पारशी आहे. युरोपातल्या गॉथिक मनोऱ्यांवर संत आणि देवदूत असतात. मुंबईच्या मनोऱ्यावर त्या जागी बाजारपेठेत भेटणारी माणसं चढली. स्कॉट यांचा मनोरा खऱ्या अर्थानं या शहराचा झाला तो त्या पुतळ्यांमुळे, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि म्हणून मकुंद रामचंद्रांचं नाव स्कॉट यांच्या नावाबरोबर घेतलं गेलं पाहिजे.

विद्यापीठाच्या भिंतीला हात लागेल इतकं जवळ उभं राहून एकदा एकच चिरा नीट पाहावा. दर्शनी बाजूच्या चारही कडांना बोटभर रुंदीची कोर छिन्नीनं सरळ केलेली असते, म्हणजे शेजारच्या चिऱ्याशी सांधा घट्ट बसतो. मधला भाग मुद्दाम फुगीर, खडबडीत ठेवलेला असतो. त्यावर टाकीचे घाव दिसतात. कुठे ते सगळे एका दिशेनं तिरपे उतरतात, शेजारच्याच चिऱ्यावर उलट्या दिशेनं. बसण्याची ढब बदलली, हात बदलला की घावाचा कल बदलतो. दोन चिऱ्यांवर दोन पाथरवट बसले होते, हे दीडशे वर्षांनंतरही वाचता येतं. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, पण त्यांचं अक्षर तिथे आहे.

हे लोक कोण होते? मुंबईच्या बांधकामांवर तेलंगणातून आलेले कामाठी होते, त्यांच्याच नावानं कामाठीपुरा वसला. खाणीत दगड फोडणारे वडार होते, घडवणारे पाथरवट होते, चुना मळणारे, घमेली वाहणाऱ्या बायका होत्या. दगड लागायचा तसा खाणीतून गाड्यांनी यायचा आणि जागेवर घडवला जायचा. चुना घाणीत दळला जायचा, त्याला वेळ द्यावा लागायचा. भिंत घाईनं वर गेली तर चुना धरत नाही, म्हणून भिंतीनंही माणसांना थांबायला लावलं. सात-आठ वर्षं चाललेलं बांधकाम हे आळसाचं लक्षण नव्हतं, ती त्या सामग्रीची चाल होती.

क्रॉफर्ड मार्केटची गोष्ट याच काळातली, 1869 ची. कुर्ल्याचा दगड आणि त्याला वसईच्या तांबूस दगडाचे पट्टे. दर्शनी भागावरची उठावशिल्पं लॉकवूड किपलिंग यांची. ते तेव्हा जे. जे. कलाशाळेत शिकवत होते. आज हीच महात्मा जोतिबा फुले मंडई. हे नाव मला फार समर्पक वाटतं, आणि त्याचं कारण बहुतेकांना माहीत नसतं. जोतीराव हे समाजसुधारक होते तसे बांधकामाचे कंत्राटदारही होते. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल, खडकवासल्याच्या धरणाला दगड पुरवणं, ही कामं त्यांनी केली. बांधकाम खात्यात मजुराची लूट कशी होते ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि त्यावर लिहिलं. दगडाची किंमत आणि तो फोडणाऱ्याची किंमत दोन्ही जाणणारा माणूस होता तो. मंडईत भाजी घेताना वर छताकडे पाहिलंत तर जोतीरावांचीही आठवण ठेवा.

आता बोरीबंदर, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. 16 एप्रिल 1853 रोजी पहिली गाडी इथूनच ठाण्याला गेली. त्या रेल्वेच्या उभारणीत नाना शंकरशेट यांचा वाटा होता. आजची इमारत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यावर 1878 मध्ये सुरू झाली आणि 1888 मध्ये पुरी झाली. खर्च सुमारे 16 लाख 14 हजार रुपये. स्टीव्हन्स यांच्या हाताखाली सीताराम खंडेराव वैद्य हे अभियंते होते. त्यांचं नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा यायचं आहे. कोरीवकाम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली केलं. मोर, माकडं, पानं-वेली, पक्षी, सगळं इथलं. युरोपीय कमानीच्या पोटात इथला मोर पिसारा फुलवून बसला, तो या मुलांच्या हातून. दर्शनी भागावर कंपनीच्या संचालकांचे मुखवटे आहेत, त्यांत नाना शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभाई आहेत. घड्याळाखाली व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता, तो स्वातंत्र्यानंतर काढला. नाव 1996 साली बदललं, 2017 मध्ये त्यात ‘महाराज’ आलं, आणि मधल्या काळात, 2004 मध्ये, युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून नोंद केली. पण या वास्तूचा खरा मान मला वेगळ्याच गोष्टीत दिसतो. जगातल्या कित्येक वारसा वास्तूंमध्ये तिकीट काढून आत जावं लागतं. इथे लाखो माणसं लोकलचा पास खिशात ठेवून रोज आत जातात. ती घाईत असतात, वर पाहत नाहीत, आणि तरी त्या इमारतीचं काम त्यांच्यामुळेच चालू आहे. स्टेशन म्हणून वापरात आहे म्हणूनच ती जिवंत आहे.

सीताराम खंडेराव वैद्य पुढे ताजमहाल हॉटेलवर आले. जमशेटजी टाटांच्या या हॉटेलचे मूळ वास्तुविशारद वैद्य आणि डी. एन. मिर्झा. काम चालू असतानाच वैद्य वारले आणि ते चेंबर्स या इंग्रज वास्तुविशारदानं पुरं केलं. 1903 च्या डिसेंबरात हॉटेल उघडलं. एका माणसानं बोरीबंदर आणि ताज या मुंबईच्या दोन सर्वांत ओळखीच्या इमारतींवर काम केलं, आणि त्याचं नाव मुंबईच्या शाळकरी मुलांना माहीत नाही. हे मला खटकतं. अगदी मनापासून खटकतं.

पुढच्या पिढीत शैली बदलली. जॉन बेग यांच्या जनरल पोस्ट ऑफिसनं आणि जॉर्ज विटेट यांच्या वस्तुसंग्रहालयानं विजापूरच्या गोलघुमटाकडे पाहिलं. काळसर बेसॉल्ट आणि पिवळसर दगड तिथेही आहेतच. गेटवे ऑफ इंडियाची कोनशिला 1913 साली बसली, विटेट यांचा आराखडा 1914 मध्ये मंजूर झाला, उद्घाटन 4 डिसेंबर 1924 रोजी झालं. खारोडीचा पिवळा दगड, गुजरातच्या सोळाव्या शतकातल्या वास्तुकलेची छाप, जाळ्या ग्वाल्हेरच्या. ब्रिटिश राजाच्या 1911 सालच्या आगमनाची आठवण म्हणून बांधलेल्या या कमानीतून 28 फेब्रुवारी 1948 रोजी शेवटची ब्रिटिश पलटण परत गेली. अवघ्या तेवीस वर्षांत तिचा अर्थ पुरता पालटला. समोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा 26 जानेवारी 1961 ला उभा राहिला.

1930 च्या दशकात सिमेंट-काँक्रीट आलं आणि दगडाचं राज्य संपलं. ओव्हलच्या पश्चिमेला आणि मरीन ड्राइव्हवर आर्ट डेको आलं, आणि त्याबरोबर इथल्या वास्तुविशारदांची नावंही कोनशिलेवर आली. इरॉस सोराबजी भेदवार यांचं. न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची इमारत मास्टर, साठे आणि भुता यांची, आणि तिच्यावरचे शेतकरी, कुंभार, सूत कातणाऱ्या बायका ही शिल्पं ना. ग. पानसरे यांची. मकुंद रामचंद्रांनी मनोऱ्यावर चढवलेली माणसं साठ वर्षांनी पुन्हा भिंतीवर आली, या वेळी हातात काम घेऊन. 2018 साली युनेस्कोनं ओव्हलच्या दोन्ही बाजूंच्या मिळून 94 इमारतींचा समूह वारसा म्हणून घोषित केला. समूह म्हणून केला, हे मला विशेष योग्य वाटतं.

टाऊन हॉलचा उल्लेख टाळून चालणार नाही. 1833 साली पुरी झालेली, तीस पायऱ्यांची, डोरिक खांबांची ही वास्तू म्हणजे आपलं एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचं डोंगराएवढं काम करताना या ग्रंथालयाचा आधार घेतला आणि 1963 साली त्यांना भारतरत्न मिळालं. नालासोपाऱ्याच्या स्तूपात 1882 साली भगवानलाल इंद्रजींना सापडलेले बौद्ध अवशेषही इथेच जपलेले आहेत. नाना शंकरशेट यांचा संगमरवरी पुतळाही इथे आहे. वास्तू कशामुळे थोर होते असं मला कुणी विचारलं, तर मी त्याला एशियाटिकच्या वाचनकक्षात नेईन.

याच्या उलट एक उदाहरण काळाघोड्याजवळ आहे. वॉटसन हॉटेल, म्हणजे आजचं एस्प्लनेड मॅन्शन. त्याचा सगळा बिडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून जहाजानं मुंबईत आणला आणि इथे जोडला. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं हिंदुस्थानात पहिल्यांदा इथे दाखवली गेली. पुढे हॉटेल बंद पडलं, खोल्यांचे गाळे झाले, भाडी गोठली. एवढ्याशा भाड्यात मालकाला दुरुस्ती परवडेना आणि मालकीशिवाय भाडेकरूला खर्च करवेना. 2005 साली एक भाग कोसळला, 2019 मध्ये इमारत रिकामी करावी लागली. गंज खाऱ्या वाऱ्यानं लावला हे खरं, पण दैना केली ती बेवारशीपणानं. ही इमारत गेली तर देशातला सर्वांत जुना टिकून असलेला बिडाचा सांगाडा जाईल. तो वाचवलाच पाहिजे.

आता मी ज्या मुद्द्यासाठी हे सगळं सांगत आलो तिथे येतो. या वास्तू आज कशानं मरतात? पाडण्यानं कमी. 1995 साली मुंबईनं वारसा नियमावली केली, देशात पहिल्यांदा, आणि पाडण्याला बऱ्यापैकी आळा बसला. त्या मरतात चुकीच्या दुरुस्तीनं. समुद्राकाठी हवेत मीठ असतं. ते पाण्याबरोबर दगडात शिरतं. जुन्या भिंतीच्या दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, चुन्यानं भरलेल्या होत्या. आत आलेली ओल त्या चुन्यातून बाहेर पडायची, झिजायचा तो चुना, आणि तो काही वर्षांनी पुन्हा भरला की भिंत निर्धास्त. एखादा ठेकेदार येतो, चुना खरवडून दर्जा सिमेंटनं भरतो. काम चकाचक दिसतं. मग ओलीला दर्जेतून वाट राहत नाही, ती दगडातून बाहेर यायला बघते. पाणी उडून जातं, मीठ दगडाच्या कातडीखाली साचून फुगतं आणि दगडाच्या पापुद्र्यामागून पापुद्रा सुटतो. नक्षी जाते, पुतळ्याचं नाक जातं. वर कुणी तैलरंग फासला तर हानी आणखी लवकर. फ्लोरा फाउंटनवर अशा रंगाची पुटं चढली होती. ती काढून 2019 साली कारंजं पुन्हा वाहतं झालं, तेव्हा कित्येकांनी त्या शिल्पाचा मूळ दगड पहिल्यांदा पाहिला. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचं जतनकाम याच वाटेनं झालं. डॉ. भाऊ दाजींनी वर्गणी जमवून उभ्या केलेल्या त्या वास्तूला 2005 साली युनेस्कोचा सर्वोच्च जतन पुरस्कार मिळाला. म्हणजे हे काम कसं करायचं ते आपल्याला येतं.

अडचण सामग्रीची आणि माणसांची आहे. कुर्ला-मालाडच्या खाणींवर उपनगरं वसली, त्यामुळे बदली दगड मिळवणं अवघड झालं आहे. आणि तो मिळाला तरी घडवणार कोण? ज्या पाथरवट घरात मुलगा बापाजवळ बसून टाकी शिकायचा, तिथे आज मुलगा दुसरं काम शोधतो, आणि त्याला दोष देता येत नाही. वडार आणि पाथरवट यांना आपण मजुरी दिली, मान दिला नाही. जागतिक वारसा म्हणून पाट्या लावल्या, पण ज्या हातांनी तो वारसा टिकू शकतो त्यांना नोकरीची हमी दिली नाही. महापालिकेनं आणि राज्य सरकारनं औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये दगडकामाचा आणि चुनाकामाचा अभ्यासक्रम सुरू करावा, त्यात शिकवायला हयात असलेल्या पाथरवटांना पदवी न विचारता नेमावं आणि वारसा वास्तूंच्या दुरुस्तीच्या निविदेत असा प्रशिक्षित कारागीर असण्याची अट घालावी. यात खर्च फार नाही. रस्त्याच्या एका टप्प्याला जेवढा लागतो, त्याहूनही कमी लागेल अशी माझी खात्री आहे.

फ्लोरा फाउंटनच्या शेजारीच हुतात्मा स्मारक आहे. मशाल हाती धरलेला शेतकरी आणि कामगार. 21 नोव्हेंबर 1955 ला या चौकात संयुक्त महाराष्ट्रासाठी आलेल्या माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्या लढ्यातून 1 मे 1960 ला मुंबई महाराष्ट्राची राजधानी झाली. तिथे दर वर्षी आपण फुलं वाहतो. शहर कुणाचं, हा वाद त्या शेतकऱ्यानं आणि कामगारानं मिटवला. मग ज्या शेतकऱ्याचा कापूस आणि ज्या कामगाराचा दगड या वास्तूंत आहे, त्याची नोंद वास्तूंवर व्हायला नको का? राजाबाई टॉवरपाशी मकुंद रामचंद्रांच्या आणि बोरीबंदरला सीताराम खंडेराव वैद्यांच्या नावाची मराठी पाटी लागली पाहिजे. विद्यापीठ आणि रेल्वे या दोघांनाही मी या व्यासपीठावरून तशी विनंती करतो.

आणि एक विनंती तुम्हाला, श्रोत्यांना. तुमच्यापैकी कुणाच्या घरी आजोबा-पणजोबा मिस्त्री, पाथरवट, कंत्राटदार, सर्वेक्षक, बांधकाम खात्यातले कारकून असतील. माळ्यावरच्या ट्रंकेत हजेरीपट, बिलं, दगडाच्या मापाची वही, एखादं प्रशस्तिपत्र, एखादा मळका फोटो असेल. तो रद्दीत घालू नका. महाराष्ट्राचं पुराभिलेखागार एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहे. तीही मुंबईच्या याच दगडी पिढीतली वास्तू, 1888 सालची, खानबहादूर मंचेरजी मर्झबान यांच्या हातून पूर्ण झालेली. कागद तिथे नेऊन दाखवा. मूळ द्यायचा नसेल तर नक्कल तरी द्या.